बोंबील सहावा की सातवा

तुळशीराम तांडेल दुपारचा डबा उघडायच्या आधी कडी बघतो. घरून निघताना ती डावीकडे असते. महाप्याला पोचल्यावर ती उजवीकडे सरकलेली असेल, तर डब्याला परका हात लागला असं समजायचं. बावीस वर्षांच्या नोकरीत परका हात एकदाही लागलेला नाही. सुक्या जवळ्याच्या चटणीसाठी कोणी एवढा खटाटोप करेल असं ती चटणी करणाऱ्या वैशालीला, म्हणजे त्याच्या बायकोलाही वाटत नाही. पण तुळशीरामचं म्हणणं, इतकी वर्षं लागला नाही म्हणजे कोणीतरी योग्य दिवसाची वाट बघतंय.

माणूस मुळात वाईट नाही हो. लग्नकार्यात वाढायला उभा राहतो, मयताला खांदा देतो. फक्त वाढताना शेजारच्या वाढप्याच्या परातीत किती लाडू आहेत ते मोजतो, आणि खांदा देताना मागचा माणूस खरंच उचलतोय की नुसता हात लावून चालतोय, ते मान वळवून बघतो.

जन्म ऐरोलीजवळच्या दिवा कोळीवाड्यातला. बाप खाडीत होडी घालायचा, आई राजाबाईने चाळीस वर्षं मासळीबाजारात फळी लावली. तुळशीरामने आयटीआय केलं, टेलिफोनच्या वायरी ओढता ओढता कॉम्प्युटरच्या ओढायला लागला, आणि आता बावन्नाव्या वर्षी महाप्यातल्या एका कंपनीचं नेटवर्क सांभाळतो. कंपनी कारखान्यांतल्या पाइपांचे नकाशे काढते. तळमजल्यावर सगळे नकाशे साठवलेलं मोठं मशीन, तिसऱ्या मजल्यावर नकाशे काढणारी चाळीस माणसं, आणि या दोघांच्या मध्ये तुळशीराम.

संशयाचं हे दुखणं त्याला जन्मजात नव्हतं. ते लागलं आधीच्या, तुर्भ्याच्या कंपनीत. तिथे पोपट नावाचा जोडीदार होता. तुळशीरामने त्याला सगळं शिकवलं, कुठली वायर कुठे जाते त्याचा मोठा तक्ता करून भिंतीला लावून दिला. तीन महिन्यांनी साहेबांनी तक्ता पाहिला, पोपटला पाहिलं, आणि एवढ्या कामाला दोन माणसं कशाला असं म्हणून तुळशीरामला नारळ दिला. पोपटने पुढे वाशीला फ्लॅट घेतला. तुळशीराम अजून कधीमधी वाट वाकडी करून त्या इमारतीखालून जातो, असं कोळीवाड्यात बोललं जातं. कशाला जातो, ते मात्र कोणी सांगू शकत नाही.

महाप्याला आल्यावर त्याने ठरवलं, आता तक्ता नाही. तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर बारा वायरी चढत होत्या. बाकीचं जग वायरींना नंबर लावतं. तुळशीरामने मासे लावले. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी, आणि पट्टीवर निळ्या शाईत पापलेट, सुरमई, हलवा, रावस, कोळंबी, बोंबील, मांदेली, बांगडा असं खाली निवटीपर्यंत. कुठला मासा कितव्या जागी, हे फक्त त्याला माहीत. कारण तो क्रम होता आईच्या फळीचा. राजाबाईच्या फळीवर प्रत्येक माशाची जागा ठरलेली असायची. एखाद्या दिवशी रावस मिळाला नाही तर रावसाची जागा मोकळी राहायची, पण तिथे बांगडा येऊन बसायचा नाही. लहानपणापासून ती फळी पाहिलेल्या माणसाला डोळे मिटले की बाराही जागा दिसायच्या. दुसऱ्या कोणाला दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

नऊ वर्षं हे सुरळीत चाललं. मग श्रुती सोहोनी आली.

श्रुती मूळची कराडची, वय सत्तावीस, ऐरोलीला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी. कंपनीने तिला तुळशीरामच्या हाताखाली दिली. केकमध्ये अंडं आहे का विचारून मगच तुकडा उचलणारी मुलगी; तिला मांदेली आणि बोंबील यांतला फरक कुठून कळणार, म्हणून तुळशीराम निर्धास्त होता. पण ती विचारायची फार.

"काका, ही रावस म्हणजे कुठली वायर?"

"रावस म्हणजे रावस."

"अहो, पण जाते कुठे?"

"पोटात."

ती हसायची आणि जायची. हसून जाणाऱ्या माणसाचा तुळशीरामला जास्त धसका. चिडून जाणारा निदान काय विचार करतोय ते कळतं.

त्यातच होळी आली. होळीला दिव्यातला माणूस चार दिवस कोणाचा नसतो, तुळशीरामचा फोन तर पालखी गावात फिरून देवळात परत जाईपर्यंत बंदच. नेमकी त्याच चार दिवसांत तिसऱ्या मजल्यावरची एक वायर बिघडली. श्रुती दोन तास त्या माशांपुढे उभी राहिली आणि परत आली. चार दिवस काम खोळंबलं. वरचे साहेब, प्रसाद सर, तेव्हा काही बोलले नाहीत. बोलले ते महिन्याभराने, तुळशीरामला केबिनमध्ये बसवून, चहा मागवून. चहा आला तरी तुळशीरामने कपाला हात लावला नाही.

"तांडेल, कंपनी एका माणसाच्या डोक्यावर चालत नाही. मी हे काम रबाळ्याच्या एका बाहेरच्या पार्टीला द्यायचा विचार करतोय. पुढच्या बुधवारी दुपारी त्यांचा माणूस बघायला येईल."

"म्हणजे माझी खुर्ची?"

"या शनिवारचं काम नीट झालं, बुधवारपर्यंत तक्रार आली नाही, तर मी परत विचार करीन. बघा."

शनिवारचं काम असं होतं. दोन्ही मजल्यांवर एकेक स्विच, म्हणजे वायरींची डोकी खुपसायची पेटी. तिच्या एकेका भोकाला पोर्ट म्हणतात. बारा वायरी असूनही नकाशांची सगळी ने-आण एकट्या हलव्यावरून चालायची, म्हणून तिसरा मजला सदा रखडलेला. आता वर नवी पेटी बसवायची, आणि हलवा, रावस, कोळंबी, बोंबील या चौघांचा ट्रंक ग्रुप बांधायचा. ट्रंक ग्रुप म्हणजे स्विचला सांगायचं की बाबा रे, या चार वायरी वेगळ्या समजू नकोस, ही एकच जाड वायर आहे. मग स्विच माल चौघांवर वाटतो. कोणाचा माल कोणावरून, हे तो एकदा ठरवतो आणि रोज तसंच पाठवतो. अट एकच. खालच्या पेटीला आणि वरच्या पेटीला सारखंच सांगायचं, आणि खाली ज्या चार वायरी ग्रुपात, वरही त्याच चार हव्यात.

खालच्या पेटीत बाराही वायरी नऊ वर्षांपासून आपापल्या जागी होत्या. तुळशीरामने तिथे बसून हुकूम दिला, तीन ते सहा हे पोर्ट एक. मग दोघं वर गेले. जुनी पेटी काढायची, बारा वायरी उपसायच्या, नवीत घालायच्या. श्रुतीने बॅटरी धरली होती.

"काका, काढायच्या आधी फोटो काढू? कुठली कुठे होती ते राहील."

"फोटो?"

"मोबाइलवर. दोन सेकंदांचं काम."

"फोटो मोबाइलमध्ये, मोबाइल तुझ्या पर्समध्ये, पर्स तुझ्या घरी. नको म्याडम. माझ्या डोक्यात आहे सगळं."

श्रुतीने बॅटरी या हातातून त्या हातात घेतली. "बरं, मग दोन्ही स्विचना आपसांत बोलू द्यायचं का? तशी सोय आहे यात. ग्रुप बांधायच्या आधी ते एकमेकांना विचारतात, माझी ही वायर तुझ्याकडेच येते ना? भलतीकडे जात असली तर तिला घेतच नाहीत."

"मशिनांना गप्पा मारायला लावायचं? आणि मी काय करू, चहा नेऊन देऊ त्यांना? मी खाली सांगितलंय, आता वर सांगतो. झालं."

त्याने डोळे मिटले, फळी आठवली, आणि एकेक मासा जागी बसवला. तीन ते सहा एक, असा वरच्या पेटीलाही हुकूम दिला. चारही पोर्टांचे दिवे हिरवे झाले. सातव्यावर तिसऱ्या मजल्याच्या कॅमेऱ्यांची वायर असायची. त्या पोर्टालाही वेगळा हुकूम देऊन झाला, तोही हिरवा. तुळशीरामने श्रुतीकडे असं पाहिलं, जसा ढोलाचा ठेका धरून दाखवल्यावर वाजवणारा बघतो.

रविवारी सकाळी तो बाजारात बायकोला बर्फ पोचवायला गेला आणि जागीच थबकला. वैशालीच्या फळीपुढे श्रुती उकिडवी बसली होती. आणि नुसती बसली नव्हती. एकेका माशाकडे बोट दाखवत होती, वैशाली काहीतरी सांगत होती, दोघी खिदळत होत्या. मग श्रुतीने मोबाइल काढला, उभी राहिली, आणि अख्ख्या फळीचा फोटो घेतला. एकही मासळी विकत न घेता निघून गेली.

तुळशीराम बर्फाच्या पोत्यामागे उभा होता. पाणी गळून त्याची चप्पल भिजली तरी तो हलला नाही.

"काय इचारीत व्हती ती?" त्याने नंतर बायकोला विचारलं.

"कोन, शुरती? नावं इचारली मासल्यांची. लय ग्वाड पोरगी हाय."

"भाव नाय इचारला?"

"खात नाय तर भाव कनाला इचारल? तुमाला काय झालं? तोंड बघा, जसा शिंगाल्याचा काटा घुसलाय."

"आनि फोटू?"

"आवडली फळी तिला, काढला. तुमी माजा कदी काढला का?"

तुळशीरामने बर्फ फोडायला घेतला.

सोमवारी दहाच्या आधी पहिला फोन आला. मिथुन म्हणून नकाशेवाला होता, तुळशीरामचा जेवणातला जोडीदार.

"तांडेल, माझा नकाशा उघडतोय, पण खाली प्रिंटरला जात नाही."

तुळशीराम टेबलाशी पोचला तर मिथुनच्या शेजारची भाग्यश्री म्हणाली, "माझं प्रिंटरला जातंय. नकाशाच उघडत नाहीये."

त्यांच्या मागच्याचं दोन्ही चालत होतं. त्याच्या मागच्याचं एकही नाही. चाळिसातल्या दहाबारा जणांचं काही ना काही अडलेलं, आणि ज्याचं अडलं त्याचं दिवसभर अडलेलंच. ज्याचं चालतं त्याचं वाऱ्यासारखं. तुळशीरामने वरची पेटी तपासली. दिवे हिरवे. खालची तपासली. हिरवे. दोन्हीकडचे हुकूम अक्षर न् अक्षर सारखे. मशीन कधी माणसं निवडून त्रास देत नाही, हे तो बावीस वर्षांत शिकला होता. माणसं निवडून त्रास माणूसच देतो.

त्याने कागद घेतला आणि कोणाकोणाचं बंद आहे ते लिहिलं. मिथुन, आपला माणूस. भाग्यश्री, दिवाळीला आपल्याकडे फराळ पाठवते. खिडकीशी बसणारे दोघे, आपल्याबरोबर चहाला असतात. आणि श्रुतीचं? श्रुतीचं मशीन भुर्रकन चालत होतं. श्रुती ज्या पोरींबरोबर डबा खाते त्यांतल्या तिघींचंही. चौथीचं बंद होतं, पण ती मुद्दाम ठेवली असणार, संशय येऊ नये म्हणून.

आणि मग त्याला ते दिसलं. पहाऱ्याच्या टेबलावरचा तिसऱ्या मजल्याच्या कॅमेऱ्यांचा पडदा काळा होता. शनिवार दुपारपासून काळा. पहारेकऱ्याला वाटलं सुट्टी आहे म्हणून बंद ठेवलाय.

वायरी छेडणाऱ्याने आधी डोळे फोडले होते.

मंगळवारी तक्रारी तेवढ्याच राहिल्या. प्रसाद सरांनी बोलावलं. या वेळी चहाही मागवला नाही.

"तांडेल, उद्या तीनला रबाळ्याचा माणूस येतोय. मी त्याला काय दाखवू?"

"सर, हे आतल्याच कोणाचं तरी काम आहे."

"नाव?"

तुळशीरामच्या ओठांवर नाव आलं होतं. पण नुसतं नाव सांगितलं तर साहेब म्हणणार पुरावा द्या, आणि ती मुलगी डोळ्यांत पाणी आणणार.

"उद्या देतो. रंगेहाथ."

"तीनच्या आधी द्या," प्रसाद सर म्हणाले, "तीननंतर तुमच्या रंगाचा उपयोग नाही."

बुधवारी बारा वाजता तुळशीराम मोठ्याने म्हणाला, "जेवायला चाललो रे," आणि जिन्याने खाली जाण्याऐवजी तिसऱ्या मजल्यावरच्याच पेटीच्या खोलीतल्या लोखंडी कपाटामागे उभा राहिला. डबा हातातच. कपाटामागे धूळ होती, पालही होती. दोघं एकमेकांकडे बघत वीस मिनिटं उभी राहिली. शिंक आली ती त्याने नाक दाबून गिळली.

साडेबाराला दार उघडलं. श्रुती. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात कागद. सरळ पेटीपुढे गेली, वाकली, आणि चिकटपट्ट्या वाचत कागदावर खुणा करायला लागली.

"सापडलीस!"

श्रुती किंचाळली. कागद उडाला, मोबाइल पडता पडता वाचला. "काका! काय हे! केवढी दचकले मी! तुम्ही कपाटामागे काय करताय?"

"ते तू सांग. मी बावीस वर्षं इथे... नऊ वर्षं इथे आहे. रविवारी बाजारात काय करत होतीस? वैशालीला गोड बोलून फळीचा फोटो घेतलास. तू मासे खात नाहीस. फळी कशाला लागते तुला?"

"चोरायला," श्रुती म्हणाली.

तुळशीरामकडे पुढची चार वाक्यं तयार होती. ती सगळी तिच्या नकारावर बेतलेली होती.

"अहो, म्हणजे तुमचा क्रम चोरायला. होळीला दोन तास मी इथे रडकुंडीला आले होते. तुम्ही सांगणार नाही हे माहीत होतं. बोलता बोलता तुम्हीच एकदा म्हणाला होतात की आईची फळी डोळे मिटून लावून दाखवीन. मग मला वाटलं, हे तेच असणार. म्हणून गेले. आणि बरं झालं गेले, कारण काका, राग मानू नका, हे चुकलंय."

"काय चुकलंय?"

तिने मोबाइल पुढे धरला. वैशालीची फळी. ओल्या फळीवर चकाकणारे मासे ओळीने, आणि कडेला वैशालीचं हसणं, जे तुळशीरामने घरात बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"ही ताईंची फळी. मोजा. सहावी मांदेली, सातवा बोंबील. आणि ही तुमची वरची पेटी. सहावी मांदेली, सातवा बोंबील. अगदी जुळतं."

"मग? बरोबरच आहे की."

"आता हे खालच्या पेटीचं. आज सकाळी लिहून आणलंय. खाली सहावा बोंबील आहे. सातवी मांदेली."

तुळशीरामने कागद घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"म्हणजे खालच्या ग्रुपात बोंबील आहे आणि वरच्या ग्रुपात मांदेली," श्रुती हळूच म्हणाली. "खालून बोंबलावर टाकलेला माल वर सातव्यात, कॅमेऱ्यांच्या पोर्टात जाऊन पडतो. कॅमेऱ्यांचा माल नकाशांच्या ग्रुपात. दोन्ही वायरी जिवंत, म्हणून दिवे हिरवे. चौघांतल्या या एकावर ज्यांची वाटणी आली तेवढ्यांचंच अडतं. कोणी काही केलेलं नाही. फक्त खालचा क्रम कोणाच्या फळीचा आहे तेवढं मला कळत नाही."

तुळशीरामला कळलं होतं. पण मन काही मानेना, म्हणून त्याने फोन लावला.

राजाबाई दिव्याच्या घरात ओट्यावर बसलेल्या असतात. गुडघे गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, त्यांनी फळी सुनेला दिलीय. तोंड मात्र स्वतःकडेच ठेवलंय. फोनवर त्या नेहमी खाडीपलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखं बोलतात, त्यामुळे श्रुतीला सगळं ऐकू आलं.

"आये, एक सांग. फळीवर बोंबील पयला का मांदेली?"

"कनाला इचारतं? कंपनीन मासली इकाया बसवलाय का तुला?"

"आये, सांग ना."

"बोंबील पयला! तो लवकर नरम पडतं, तो गिऱ्हाइकाच्या हाताशी नको? मांदेली त्याच्या मांगशी. चालीस वरसं तशीच लावली मी. ही तुझी बायको आली नि बदलून टाकली. बोंबलाचं पानी सुटतं म्हंते, फ्लॅटवाल्या बाया नाक मुरडतान म्हंते. मी काय बोलू? माझा कोन ऐकतं या घरान? तू तरी..."

"ठेवतो, आये."

"ठेव, ठेव. माझा आयकू नको."

चार वर्षं रोज सकाळी बायकोला बर्फ पोचवता पोचवता डोक्यातली फळी कधी बदलली, ते तुळशीरामला कळलंच नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी त्याने खाली लावली होती ती आईची. शनिवारी डोळे मिटून वर लावली ती बायकोची. सगळ्यांवर पाळत ठेवणाऱ्या माणसाने एका स्वतःच्या डोक्यावर तेवढी ठेवली नव्हती.

एक वाजायला आला होता. त्याने डबा खाली ठेवला. वरच्या पेटीतली मांदेली उपसली, बोंबील उपसला, अदलाबदल केली. बोंबील सहावा, मांदेली सातवी. खालून पहारेकऱ्याचा आवाज जिन्यातून वर आला, "ओ तांडेल, कॅमेरा आला बघा!" आणि पाच मिनिटांत मिथुन दारात.

"काय केलंस रे? धडाधड छापतोय. तीन दिवसांचं सगळं एकदम बाहेर पडलं."

तुळशीरामने दोन्ही चिकटपट्ट्या परत दाबून बसवल्या. त्याला एकच प्रश्न पडला होता, आणि मिथुन गेल्यावर त्याने तो विचारला. "तू हे सकाळीच साहेबांना सांगू शकली असतीस. का नाही सांगितलंस?"

"सुचलंच नाही," श्रुती म्हणाली.

हे उत्तर तुळशीरामला अजिबात पटलं नाही.

तीनला रबाळ्याचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा, हातात कोरी वही. प्रसाद सरांनी त्याला पेटीपुढे नेलं. तो वाकला, चष्मा पुसला, परत वाकला.

"सर, यह सुरमई, हलवा... यह क्या है?"

"तांडेल?" प्रसाद सर म्हणाले.

तुळशीरामने छाती पुढे काढली. हाच तो क्षण ज्याच्यासाठी नऊ वर्षं मासे पोसले होते. बाहेरच्याने बघावं आणि काही कळू नये. पण साहेबांचं तोंड बघून त्याला पहिल्यांदाच धाकधूक वाटली, की हे मासे आपली खुर्ची धरून ठेवतायत की ओढतायत.

"बघा," प्रसाद सर त्या माणसाला म्हणाले, "माझा त्रास हाच आहे. हे एकाच माणसाला वाचता येतं. तो आजारी पडला की कंपनी आजारी. म्हणून तुम्हाला बोलावलं."

"एकाला नाही सर," मागून श्रुती म्हणाली. "मलाही येतं. विचारा."

प्रसाद सरांनी विचारलं. पाचवी? कोळंबी. अकरावी? खुबे. कॅमेऱ्यांची? मांदेली. रबाळ्याच्या माणसाने वही न उघडताच काखेत धरली.

"मग सोमवारपासून काय झालं होतं?" साहेबांनी विचारलं. "आतल्या माणसाचं काम म्हणाला होतात ना?"

श्रुतीने छताकडे पाहिलं. तुळशीरामने तिच्याकडे पाहिलं.

"माझंच काम सर," तो म्हणाला. "वर एक मासा चुकीच्या जागी गेला होता. हिने पकडला."

त्या संध्याकाळी साहेबांनी निकाल दिला. रबाळ्याची पार्टी नको. खुर्ची राहील, पण यापुढे तांडेलना जे येतं ते सगळं सोहोनींनाही आलं पाहिजे, शुक्रवारपर्यंत, पेटीच्या दारावर यादी लावून. सगळं म्हणजे सगळं. पासवर्डसुद्धा.

यादी गुरुवारी लागली, श्रुतीच्या अक्षरात. सहावा बोंबील, सातवी मांदेली. पासवर्डाचं तुळशीराम उद्या, उद्या म्हणत होता.

घरी मात्र निराळाच गोंधळ. राजाबाईंना फोनवरून वास लागलाच होता. आपल्या फळीवर महाप्याची कंपनी चालते, असं त्यांनी दुपारपर्यंत अर्ध्या कोळीवाड्याला सांगितलं. वैशालीला ते बाजारात कळलं. रात्री जेवताना तिने विचारलं, "मंग शेवटी कोनाची फळी ठेवली?"

ओट्यावरून आवाज आला, "हां, सांग रं."

तुळशीराम हात धुवायला उठला. आईजवळून जाताना वाकून म्हणाला, "तुझीच, आये." मोरीत मागून आलेल्या वैशालीला म्हणाला, "वर तुझीच हाय." आणि दोघीही खूश झाल्या म्हणून निवांत झोपला. महाप्याच्या तिसऱ्या मजल्यावर या दोघींतलं कोण चढून बघणार होतं?

शुक्रवारी सकाळी श्रुती मोबाइल घेऊन त्याच्या टेबलाशी आली.

"काका, वैशालीताईंचा मेसेज आलाय. वरच्या पेटीच्या यादीचा फोटो मागतायत. म्हणतायत, सासूबाईंना दाखवायचाय." ती गोड हसली. "पाठवू?"

तुळशीरामने तिच्याकडे नीट पाहिलं. फोटो हिच्या मोबाइलमध्ये, मोबाइल हिच्या पर्समध्ये. आपण पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

"काय पायजे तुला?"

"साहेब म्हणाले ना, शुक्रवारपर्यंत."

त्याने दाराकडे पाहिलं, मिथुनकडे पाहिलं, वर कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. तो आता अगदी नीट चालत होता. मग कागद पुढे ओढला, डाव्या हाताचा आडोसा केला, आणि पासवर्ड लिहायला घेतला.